फॅरोच्या हातातील कुदळ

प्राचीन इजिप्तमध्ये सिंहासनावर बसलेला राजा (फॅरो) म्हणजे ससाण्याच्या रूपातील होरस हा देव आणि तोच राजा मरण पावला की मृतलोकाचा अधिपती ओसायरिस, असे मानले जाई. ही श्रद्धा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्या पोटातली एक मोठी विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या राजाच्या हुकमावरून हजारो माणसे कालवे खणायला आणि दगड ओढायला वेठीस धरली जात, त्याच राजाच्या थडग्यात शेकडो लहान मूर्ती सापडतात. आणि त्या कशासाठी ठेवल्या, हे त्यांच्या अंगावरच लिहिलेले असते. मृत राजाला परलोकात वेठीचे बोलावणे आले, तर त्याच्या जागी या मूर्तींनी कामाला जायचे होते. या मूर्तींना उशेब्ती म्हणतात. देव मानलेल्या राजाला कुदळ धरायला लावणारा तो कोण, आणि राजाने त्याची तजवीज जिवंतपणीच का करून ठेवावी, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की इजिप्तचे राजपद आणि परलोककल्पना जितकी जवळून कळते, तितकी ती पिरॅमिडकडे पाहून कळत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी: इ.स.पू. ३१००च्या सुमारास नार्मर या राजाच्या काळात नाईलचे वरचे खोरे आणि त्रिभुज प्रदेश एका सत्तेखाली आले, त्यानंतर सुमारे तीस राजघराणी झाली, ज्यांचे इतिहासकार प्राचीन, मध्य आणि नव राज्य असे तीन मोठे कालखंड करतात, मधल्या काळात राज्य फुटले, परके आले, पुन्हा राज्य जुळले, आणि इ.स.पू. ३३२मध्ये अलेक्झांडर इजिप्तमध्ये उतरला. या तीन हजार वर्षांत नाईलचा वार्षिक पूर, त्या पुरावरची शेती आणि त्या शेतीसाठी लागणारी माणसांची सक्तीची भरती या तीन गोष्टी फारशा बदलल्या नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी पुढच्या विवेचनाला पुरेसे आहे.

राजपदाची कथा ओसायरिसपासून सुरू होते. तो पृथ्वीवरचा न्यायी राजा होता. त्याचा भाऊ सेथ याने त्याला ठार केले, पत्नी इसिस हिने त्याचे शरीर शोधून, जुळवून त्यात जीव आणला, आणि त्यांचा मुलगा होरस याने पुढे काकाविरुद्ध राज्यावर दावा सांगितला. विसाव्या राजघराण्याच्या काळातील एका पपायरसावर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या गाभ्यापासून केलेल्या कागदावर, या दाव्याची हकिगत आली आहे, आणि तिच्यातील देवांचे न्यायालय ऐंशी वर्षे निकाल देत नाही. न्यायाधीश रुसतात, साक्षी फिरतात, पत्रव्यवहार चालतो, आणि अखेर ओसायरिस मृतलोकातून देवांनाच धमकीवजा पत्र धाडतो, तेव्हा कुठे होरसला गादी मिळते. या कथेचा राजकीय अर्थ स्पष्ट होता. बापाचे अंत्यविधी करील तो होरस, आणि होरस असेल तो राजा. तुतानखामेनच्या थडग्यातील भिंतीवर त्याच्यानंतर राजा झालेला वयस्क दरबारी आय हा बिबट्याचे कातडे पांघरून मृत राजाच्या ममीपुढे ‘मुख उघडण्याचा’ विधी करताना दाखवला आहे. या विधीने मृताला पुन्हा खाता, पिता, बोलता येते अशी समजूत होती. आय हा राजाचा मुलगा नव्हता. म्हणूनच हे चित्र थडग्यात काढून घेण्याची निकड त्याला वाटली असावी.

मृत राजाचे पुढे काय होते, हे सर्वप्रथम सविस्तर लिहून ठेवलेले सापडते ते सक्कारा येथील उनास या राजाच्या पिरॅमिडमध्ये, इ.स.पू. २३५०च्या सुमाराला. गास्ताँ मास्पेरो या फ्रेंच संशोधकाने १८८१ साली हा पिरॅमिड उघडला, तेव्हा आतल्या खोल्यांच्या भिंती निळा रंग भरलेल्या चित्रलिपीच्या उभ्या ओळींनी भरून गेलेल्या दिसल्या. ‘पिरॅमिड-मंत्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मजकुरात राजा आकाशात चढतो, कधीही न मावळणाऱ्या ताऱ्यांमध्ये जाऊन बसतो, सूर्यदेव रा याच्या नावेत जागा मिळवतो, आणि एका भागात तर देवांनाच शिजवून खातो. येथे वेठीची भीती नाही. राजाला स्वर्गात कोणी काही सांगावे ही कल्पनाच त्या भिंतींना परकी आहे.

पुढच्या काही शतकांत यांतील मंत्र, अनेक नव्या मंत्रांच्या जोडीने, प्रांतांतील सुखवस्तू अधिकाऱ्यांच्या लाकडी शवपेट्यांवर उतरले आणि प्रत्येक मृत माणूस ‘ओसायरिस अमुक’ म्हणवून घेऊ लागला. या घडामोडीला परलोकाचे लोकशाहीकरण म्हणण्याची प्रथा होती. ती अलीकडच्या अनेक अभ्यासकांना मान्य नाही, कारण सामान्यांचेही अंत्यविधी आधीपासून होतच होते, फक्त ते दगडावर कोरले गेले नव्हते. हा आक्षेप रास्त आहे. पण लोकशाहीकरण या शब्दाची खरी अडचण वेगळीच आहे. त्यातून फक्त राजाच्या ताटातले प्रजेच्या ताटात आले असे सूचित होते, आणि प्रजेच्या आयुष्यातले काय राजाच्या परलोकात शिरले, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

नव राज्याच्या काळात मंत्र पपायरसाच्या गुंडाळीवर लिहून मृताबरोबर ठेवले जाऊ लागले. लेप्सियस या जर्मन पंडिताने १८४२ साली अशा एका गुंडाळीचे प्रकाशन करताना दिलेल्या ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने हा संग्रह ओळखला जातो. त्यातील न्यायनिवाड्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो: तराजूच्या एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्य आणि सुव्यवस्था यांची देवता माआत हिचे पीस, काट्याजवळ कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, लेखणी घेतलेला थॉथ, आणि हृदय जड निघाले तर ते गिळायला टपलेली, मगरीच्या तोंडाची, सिंहाच्या पुढच्या आणि पाणघोड्याच्या मागच्या अंगाची अम्मित. बेचाळीस देवांपुढे मृताने आपण काय काय केले नाही याची यादी म्हणायची असते, आणि त्या जबाबाच्या आरंभीच, ठरल्यापेक्षा जास्त काम आपण रोज लोकांकडून करवून घेतले नाही, अशा आशयाचा निर्वाळाही येतो. शिवाय हृदयाने ऐनवेळी विरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून एक स्वतंत्र मंत्र दगडी भुंग्यावर कोरून छातीवर ठेवला जाई. म्हणजे न्यायावर श्रद्धा होतीच, पण साक्षीदाराला आधीच गप्प बसवण्याची व्यवस्थाही होती.

या न्यायालयातून सुटलेल्या माणसाला मिळते ते ‘इआरूचे शेत’, म्हणजे लव्हाळ्याचे शेत. तेथे पाण्याचे पाट वाहतात आणि गव्हाचे ताट सात हात उंच वाढते, त्यात तीन हात नुसती लोंबी. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर देर-अल-मदिना हे थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव होते. तेथील सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात, जे १८८६ साली सापडले, या शेताचे चित्र पूर्व भिंतीवर आहे. सेन्नेजेम विळ्याने धान्य कापतो आहे, बायको मागे उभी आहे. पलीकडे तोच नांगर धरून बैल हाकतो आहे आणि ती मागून बी टाकते आहे. दोघांच्याही अंगावर पांढरेशुभ्र तलम कपडे आहेत, डोक्यावर नीट बसवलेले केसांचे टोप आहेत. अशा पोशाखात कोणी शेतात उतरत नाही, आणि हे सेन्नेजेमला चित्र काढून घेताना ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. सुगी हवी होती, चिखल नको होता. चित्रात हे जमते. परलोकात ते जमावे यासाठी उशेब्ती होती.

उशेब्तीचा उगम मध्य राज्याच्या उंबरठ्यावर, इ.स.पू. दोन हजारच्या आगेमागे दिसतो. पहिल्या मूर्ती मेणाच्या किंवा मातीच्या असत, कधी कापडात गुंडाळून त्यांच्या मापाच्या छोट्या शवपेटीत ठेवलेल्या असत. पुढे दगड, लाकूड आणि मुख्यतः फायान्स, म्हणजे गारगोटीची पूड भाजून वर निळी-हिरवी झिलई आणलेला पदार्थ, वापरात आला. मूर्तीचा आकार ममीचा असतो, हात छातीवर दुमडलेले असतात. नंतरच्या काळात दोन्ही हातांत कुदळी आणि एका खांद्यावरून पाठीवर सोडलेली बियाण्याची छोटी थैली दिसते. अंगावर आडव्या ओळींत मृताचे नाव आणि मृतांच्या पुस्तकातील सहावा मंत्र लिहिलेला असतो. या मंत्रात मृत माणूस मूर्तीला बजावतो की, मृतलोकात मला शेत तयार करायला, काठच्या जमिनीला पाणी द्यायला किंवा वाळू पूर्वेकडून पश्चिमेला वाहून न्यायला बोलावणे आले, तर माझ्या नावाने तू हजेरी द्यावीस. हा मंत्र काव्यासारखा नसून बदली कामगार देण्याच्या लेखी हमीसारखा आहे.

अशी हमी सुचायला जिवंतपणीचा अनुभव पुरेसा होता. मध्य राज्याच्या उत्तरार्धातील, आज ब्रुकलिनच्या संग्रहालयात असलेल्या एका पपायरसावर सक्तीच्या कामावरून पळून गेलेल्या माणसांच्या सरकारी नोंदी आहेत. कोण पळाले, कोणत्या कायद्याखाली आले, घरच्यांना सोडले की नाही, असा तपशील त्यात ओळीने लिहिला आहे. त्याहूनही जुन्या, प्राचीन राज्याच्या काळातील राजाज्ञा कॉप्टॉस येथील मीन देवाच्या मंदिरात दगडावर कोरलेल्या सापडल्या, त्यांत देवस्थानच्या माणसांना वेठीतून सूट दिली आहे. ज्या देशात सूट मिळणे ही दगडावर कोरून ठेवण्याची गोष्ट होती, तेथे मेल्यावर तरी ही कटकट संपेल असा भरवसा कोणी धरला नाही, याचे नवल वाटायला नको.

उशेब्ती म्हणजे पूर्वीच्या नरबळीचा सौम्य अवतार, असे अनेक पुस्तकांतून सांगितले जाते. पहिल्या राजघराण्यातील जेर या राजाच्या अबायदोस येथील थडग्याभोवती नोकरचाकरांची तीनशेहून अधिक थडगी आहेत, त्यांतील निदान काहींना राजाबरोबर मारले गेले असावे, हे खरे. परंतु ही प्रथा पहिल्या राजघराण्याबरोबरच संपली आणि पहिली उशेब्ती त्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी येते. मधल्या काळात नोकरांच्या लाकडी प्रतिकृती थडग्यात ठेवल्या जात. मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली सापडलेली भटारखाना, दारूभट्टी आणि गुरांची मोजणी यांची दृश्ये त्यांत सर्वांत सुंदर आहेत. पण त्या बाहुल्या नोकर आहेत, ज्याचे त्याचे काम करतात. मूळ उशेब्ती कोणाची नोकर नाही. तिला मृताचा आकार आहे आणि मृताचेच नाव आहे. ती मृत माणसाची स्वतःची दुसरी प्रत आहे. नरबळीशी तिचा संबंध जोडणारे हा फरक पुसून टाकतात, आणि त्यामुळे त्यांचे म्हणणे टिकत नाही.

पुढे संख्या वाढली आणि नाते बदलले. इजिप्तच्या वर्षात तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस असत, आठवडा दहा दिवसांचा असे. त्या हिशेबाने रोजचा एक कामगार धरून ३६५ मूर्ती आणि दर दहांमागे एक मुकादम धरून ३६ मुकादम, मिळून ४०१, असा संच इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या आरंभी रूढ झाला. मुकादम ममीच्या आकाराचा नसतो; तो जिवंत माणसासारखा घोळदार वस्त्र नेसलेला असतो आणि त्याच्या हातात चाबूक असतो. साच्यातून काढलेल्या या मूर्ती बोटभर लांबीच्या, घाईने रंगवलेल्या असतात. मूर्ती एकच होती तेव्हा ती मृत माणूस स्वतः होती; चारशे झाल्या तेव्हा त्या टोळी झाल्या, आणि टोळीवर चाबूक आला. इजिप्तच्या समाजाविषयी एवढे बोलके दुसरे काही मातीत घडवले गेले असेल असे वाटत नाही.

या बदलाचा सर्वांत खुसखुशीत पुरावा ब्रिटिश म्युझियममधील एका छोट्या पपायरसावर आहे. ती पावती आहे. अमून देवाच्या मंदिरातील ताईत घडवणाऱ्यांचा प्रमुख त्यात लिहून देतो की, एका पुरोहिताला त्याच्या वडिलांसाठी ४०१ उशेब्ती विकल्या, त्यांची चांदी पोचली. आणि मग लगेच तो मूर्तींकडे वळून त्यांना सांगतो की तुमचे पैसे मिळालेले आहेत, तेव्हा आता मृतासाठी कामाला लागा. पावतीत या मूर्तींना दास आणि दासी म्हटले आहे. एकविसाव्या राजघराण्यातील नेसखोन्स या बाईच्या बाबतीत तर हे प्रकरण थेट देवापर्यंत गेले. ती थीब्सचा, म्हणजे आजच्या लक्सरचा, मुख्य पुरोहित दुसरा पिनुजेम याची पत्नी. तिच्यासाठी अमून देवाचा कौल घेऊन तो दोन लाकडी फलकांवर लिहिला गेला. एक फलक आज पॅरिसच्या लूव्रमध्ये, दुसरा लंडनमध्ये आहे. मूर्ती घडवणाऱ्यांना जे मोल दिले गेले तेच मूर्तींच्या मजुरीपोटी पोचले असे समजावे, आणि म्हणून त्यांनी नेसखोन्सचे प्रत्येक काम बिनतक्रार करावे, असा निकाल देवाने दिला आहे. मातीच्या मजुरालाही फुकट राबवता येत नाही, तो उद्या काम नाकारू शकतो, ही शंका त्या घराण्यातल्या कोणाला तरी आली असली पाहिजे. आणि ती शंका आली याबद्दल त्या अज्ञात माणसाविषयी आदर वाटतो.

नेसखोन्सची ममी देर-अल-बहरीजवळच्या ज्या भुयारात सापडली, त्याच भुयारात दुसरा रामसेस, पहिला सेती अशा थोर राजांच्या ममीही पुरोहितांनी चोरांच्या भयाने लपवल्या होत्या. १८८१ साली त्या बोटीतून कैरोला निघाल्या, तेव्हा दोन्ही काठांवर गावोगावच्या बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत बोटीबरोबर धावल्या आणि पुरुषांनी बंदुकीचे बार काढले, असे नोंदले आहे. ३ एप्रिल २०२१ रोजी त्यांच्यासह अठरा राजे आणि चार राण्या यांना कैरोच्या नव्या संग्रहालयात हलवताना एकवीस तोफांची सलामी झाली. राजाचा मान असा साडेतीन हजार वर्षांनीही टिकून आहे.

पण या राजांच्या थडग्यांत कुदळी होत्याच. येथे क्रम महत्त्वाचा आहे: उशेब्ती आधी अधिकारी आणि खासगी माणसे ठेवत होती; राजाची म्हणून ज्ञात असलेली सर्वांत जुनी उशेब्ती पहिला आहमोस याची, म्हणजे इ.स.पू. सोळाव्या शतकातील, मानली जाते. परलोकातील वेठ ही प्रजेकडून राजाकडे गेली. पहिल्या सेतीच्या गर्द निळ्या फायान्सच्या उशेब्तींवर राजाचे पट्ट्यांचे शिरोवस्त्र आहे, कपाळावर नाग आहे, आणि दोन्ही मुठींत कुदळी आहेत. तुतानखामेनच्या थडग्यात हॉवर्ड कार्टरला ४१३ उशेब्ती मिळाल्या: ३६५ कामगार, ३६ मुकादम आणि शिवाय दर महिन्याचा एक याप्रमाणे १२ वरिष्ठ मुकादम, त्यांच्याबरोबर कुदळी, कावडी, टोपल्या अशी चिमुकली अवजारे १,८००हून अधिक. त्यांतील पाच मूर्ती नख्तमिन या सेनापतीने आणि एक माया या खजिनदाराने आपल्या नावानिशी भेट दिली होती, म्हणजे राजाच्या वाटच्या वेठीला सरदारांनी हातभार लावला होता. सर्वांवर कडी केली ती सुदानमधून येऊन इजिप्तवर राज्य केलेल्या ताहार्का या राजाने. नुरी येथील त्याच्या पिरॅमिडखाली १९१७ साली जॉर्ज राइसनरला दगडात कोरलेल्या १,०७० उशेब्ती मिळाल्या.

मग राजाला बोलावणार कोण? मृतलोकाचा राजा ओसायरिस, आणि मृत फॅरो तर स्वतःच ओसायरिस. इजिप्तच्या पुरोहितांनी हा पेच कधी सोडवला नाही, कारण जुने टाकून नवे घ्यायचे ही त्यांची रीत नव्हती; ते जुन्यावर नवे रचत गेले. राजा ताराही झाला, सूर्याच्या नावेतला प्रवासीही झाला, ओसायरिसही झाला, आणि तरीही इआरूच्या शेतावरचा एक खातेदार राहिला. यातला शेवटचा अंश वरून आलेला नाही. तो नाईलकाठच्या लोकांनी आपल्या अनुभवातून परलोकात नेला आणि राजाला तो नाकारता आला नाही. सामान्य माणूस मरून ओसायरिस झाला हे जितके खरे, तितकेच राजा मरून शेतकरी झाला हेही खरे आहे, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

सेन्नेजेमच्याच गावात, त्याच्यानंतर शंभरएक वर्षांनी, तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी कारागिरांना महिन्याचे धान्य वेळेवर मिळेनासे झाले. एका कामगाराचा शिरस्ता दरमहा साडेपाच खार, म्हणजे सुमारे ४०० लिटर धान्याचा होता. कारागिरांनी हत्यारे ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि राजांच्या स्मृतिमंदिरांशी जाऊन बसले. भुकेने आलो आहोत, फॅरोला कळवा, असे त्यांचे म्हणणे अमेन्नख्त या लेखनिकाने लिहून ठेवले, तो पपायरस इटलीत तुरीनला आहे. लेखी पुरावा असलेला हा जगातील पहिला ज्ञात संप. जे लोक राजासाठी परलोकाची वाट खोदत होते, त्यांचे धान्य थकले होते. आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी थीब्समधील एका श्रीमंत घराण्याने मातीच्या मजुरांचे मोल चुकते केल्याची देवाकडून खात्री करून घेतली.

अलेक्झांडरनंतर सत्तेवर आलेल्या टॉलेमी घराण्याच्या काळात उशेब्ती ठेवणे बंद पडले. मराठी वाचकाला इजिप्तची ममी पाहायची तर सयाजीराव गायकवाडांनी स्थापन केलेल्या बडोद्याच्या संग्रहालयात ती आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही २०१२ साली ब्रिटिश म्युझियमने कर्नाकचा पुरोहित नेसपेरेन्नुब याच्या ममीचे प्रदर्शन आणले होते. जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत उशेब्ती असतात, आणि त्या पाहताना पाठीवरची बियाण्याची थैली पाहायला विसरू नये. लक्सरच्या बाजारात मात्र कोणी रुमालात गुंडाळलेली निळी मूर्ती ‘अस्सल जुनी’ म्हणून पुढे केली, तर वाचकांनी ती घेऊ नये: बहुधा ती नकली असते आणि पैसे बुडतात, आणि अस्सल निघाली तर इजिप्तच्या १९८३च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याखाली ती देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे.